मॉडेलिंगच्या जगातली प्रेमकादंबरी: आधी काम लिहा, मग प्रेम

दिवाळी अंकांसाठी आणि एका छोट्या प्रकाशनासाठी मी हस्तलिखितं वाचते. मॉडेलिंगच्या पार्श्वभूमीवरच्या प्रेमकथा दर वर्षी पाच-सहा तरी येतात आणि बहुतेक सगळ्या एकाच जागी अडतात. पहिल्या पानावर रॅम्प, टाळ्या, झगमगाट. दुसऱ्या पानावर नायिका आरशासमोर. तिसऱ्या पानावर फोटोग्राफर. पुढची तीनशे पानं नायिका काम करताना दिसतच नाही. ती मॉडेल आहे म्हणजे ती सुंदर आहे, एवढाच त्याचा अर्थ उरतो. तिच्या जागी बँकेत नोकरी करणारी मुलगी बसवली तरी कथेला धक्का लागत नाही.

यातल्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात. लेखक आधी प्रेम रचतो आणि मग त्याला धंद्याची रंगरंगोटी करतो. खालचे टप्पे याच्या उलट जातात. समजायला सोपं जावं म्हणून मी एक जोडी रचली आहे. रेवती, वय २६, इचलकरंजीची, वडिलांचे यंत्रमाग. समीर, वय २९, ठाण्याचा, फोटो रिटच करणारा, म्हणजे फोटोंतले डाग-दोष संगणकावर पुसणारा.

## टप्पा १: धंद्याचा नेमका कोपरा ठरवा

मॉडेलिंग हा एकच धंदा नाही. रॅम्पवर उंची बघतात: मुलींची साधारण ५ फूट ८ इंच किंवा त्याहून जास्त, मुलांची ६ फुटांच्या आसपास. जाहिरातीत उंचीपेक्षा चेहरा आणि हावभाव चालतात. तिथे 'तरुण आई', 'कॉलेजची मुलगी', 'नवी सून' अशा साच्यांत निवड होते आणि ऑडिशनसाठी वर्सोव्याच्या आरामनगरातल्या बंगल्यांबाहेर तासन् तास उभं राहावं लागतं. सुरतेच्या कापडबाजारासाठी साडी कॅटलॉगचं काम असतं. ई-कॉमर्सचं काम म्हणजे पांढरी भिंत, समोरून-बाजूने-मागून फोटो आणि दिवसाला चाळीस-पन्नास कपडे. आणि एक असते फिट मॉडेल. तिचा फोटो कुठेच छापला जात नाही, तिच्या अंगावर नमुना घालून शिवणीची मापं पक्की केली जातात.

यातला एकच कोपरा घ्या. माझं मत विचाराल तर ई-कॉमर्स किंवा कॅटलॉग घ्या. ही छायाचित्रं वाचक रोज फोनवर बघतो, पण त्यामागचा दिवस त्याला ठाऊक नसतो. कुर्ता मॉडेलला सैल पडतो म्हणून तो पाठीमागून क्लिपा लावून आवळलेला असतो, एवढं एक वाक्य आलं तरी वाचक सावरून बसतो.

तपासणी: नायिकेचा एक साधा मंगळवार तासातासाने लिहून काढा. त्यात प्रेम नको, अपघात नको, योगायोग नको. रेवतीचा मंगळवार असा: पावणेसहाला गजर, कारण पीजीत सहा मुलींना एक बाथरूम. आठचा कॉल टाइम. कॉल टाइम म्हणजे मेकअपच्या खुर्चीत बसण्याची वेळ, पहिला फोटो साडेनऊच्या पुढे. दुपारपर्यंत बावीस कपडे, जेवणाला वीस मिनिटं, संध्याकाळपर्यंत आणखी वीस. रात्री कोऑर्डिनेटरला, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मधल्या माणसाला, तिसरा मेसेज: 'सर, एप्रिलचं पेमेंट?' असा दिवस दीड पान लिहिता आला नाही, तर टप्पा २ शिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: माहिती मॉडेलकडून नव्हे, तिच्या आजूबाजूच्यांकडून घ्या

मॉडेलची मुलाखत घ्यायला गेलात तर मुलाखतीसाठी तयार केलेली उत्तरं मिळतात. ड्रेसर (पडद्यामागे मॉडेलचे कपडे बदलून देणाऱ्या), शिवणारे मास्टरजी, मेकअपचे असिस्टंट, इस्त्री करणारा मुलगा, स्पॉटदादा यांच्याशी बोला. त्यांना कुणी काही विचारत नाही, त्यामुळे ते भरभरून सांगतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शोला मी ड्रेसर म्हणून उभी होते. प्रत्येक मॉडेलचा एक रॅक. रॅकला चिकटवलेल्या कागदावर तिचं नाव, लुकचा नंबर, कपड्याचा छोटा फोटो. खाली पिशवीत बूट. ती रॅम्पवरून आत आली की धावतच रॅकपाशी येते. एक जण मागची चेन उघडते, दुसरी गुडघ्यावर बसून बुटांचे पट्टे सोडते, तिसरी गळ्यातलं काढते. पुढचा कपडा डोक्यावरून घालायच्या आधी चेहऱ्यावर पातळ ओढणी टाकतात, नाहीतर फाउंडेशनचा डाग कापडाला लागतो. त्या दिवशी माझ्या रॅकच्या मुलीचे बूट दोन नंबरांनी मोठे होते. पुढे टिश्यू पेपर कोंबले, टाचेला दुहेरी टेप लावली. टाचेवर आधीच दोन बँडेज होती, त्यातलं एक रक्ताने ओलं. पडद्यापर्यंत ती लंगडत गेली आणि पडदा सरकताच ताठ चालू लागली. रॅम्प मला दिसलाच नाही. फटीतून येणारा पांढरा उजेड तेवढा दिसला.

विचारायचे प्रश्नही असेच छोटे असावेत. बॅगेत काय असतं? (त्वचेच्या रंगाचे अंतर्वस्त्र, सेफ्टी पिना, टेप, स्वतःच्या काळ्या हील्स.) उशीर झाला तर कोण ओरडतं? डेट ब्लॉक केल्यावर काम रद्द झालं तर पैसे मिळतात का? रडायला कुठे जातात?

शब्दही त्यांचेच घ्या: फिटिंग, लाइनअप, चेंज, ओपनिंग, शोस्टॉपर, पोलरॉइड, कॉम्प कार्ड (मॉडेलचे फोटो आणि मापं छापलेलं कार्ड). 'पोलरॉइड' म्हणजे हल्ली फोनवर काढलेले विनामेकअप साधे फोटो. जुन्या कॅमेऱ्याचं नाव तेवढं टिकलं आहे. कादंबरीत असे शब्द आले की लगेच अर्थ सांगत बसू नका. दुसऱ्यांदा वापरलेत की वाचकाला आपोआप कळतं.

सावधान: खऱ्या डिझायनरला, एजन्सीला किंवा मॉडेलला कथेत वाईट वागायला लावू नका. नाव बदललं तरी ओळख पटत असेल तर तेही नको. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, आणि मराठी प्रकाशक याबाबतीत फार लवकर घाबरतात. ते घाबरणं रास्तच आहे.

## टप्पा ३: दोघांमधला कामाचा धागा आणि सत्तेचं पारडं

'ती मॉडेल, तो फोटोग्राफर' ही जोडी हस्तलिखितांमध्ये सर्वांत जास्त येते आणि सर्वांत जास्त फसते. कारण उघड आहे. तो तिला काम देऊ शकतो आणि तिचं कामही घालवू शकतो. अशा माणसाने बंद स्टुडिओत तिची बट सारली तर लेखकाला तिथे प्रेम दिसतं, वाचणाऱ्या बाईला धोका दिसतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तात्पुरत्या, रोजंदारीच्या आणि एजंटामार्फत आलेल्या कामगार बाईलाही लागू आहे, कामानिमित्त गेलेल्या ठिकाणीही लागू आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या जागेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तुमच्या नायिकेला हे ठाऊक असलंच पाहिजे असं नाही. तुम्हाला मात्र ठाऊक हवं.

हीच जोडी हवी असेल तर त्या सत्तेलाच कथेचा विषय करा. नाहीतर दुसरी जोडी शोधा. पॅटर्न मास्टर, प्रकाशयोजना करणारा, दागिन्यांचा हिशेब ठेवणारा, बरोबरीचा मॉडेल, रिटचर.

रिटचर मला का आवडतो ते सांगते. तो तिला भेटायच्या आधीच रोज बघत असतो, पडद्यावर, चारशे टक्के मोठी करून. तिच्या मानेवरचे तीळ त्याला पाठ असतात. तिला त्याचं नावही माहीत नसतं. रेवतीच्या कोपराखाली एक व्रण आहे. लहानपणी मागावरून उडालेला धोटा लागला होता. समीर तो व्रण दिवसाला चाळीस वेळा पुसतो. या कामाच्या टूलचं नाव 'हीलिंग ब्रश' आहे. कादंबरीत ते एकदाच येऊ द्या आणि त्यावर भाष्य करू नका.

तपासणी: दोघांपैकी एकाने उद्या नकार दिला तर दुसऱ्याचं काय जाईल? 'फक्त मन दुखावेल' असं उत्तर आलं तर नातं बरोबरीचं आहे. 'पोटावर पाय येईल' असं आलं तर ते पहिल्या पंचवीस पानांत वाचकाला दिसलं पाहिजे.

## टप्पा ४: अडथळा कामातूनच उगवू द्या

नेहमीची चूक: तिने त्याला दुसऱ्या मुलीबरोबर पाहिलं, ती न बोलता निघून गेली, शंभर पानं विरह, मग कळलं की ती त्याची बहीण होती. जो अडथळा एका फोनने सुटतो तो अडथळा नव्हे. वाचक पहिल्या दहा पानांतच म्हणतो, 'अगं, फोन कर ना.'

या धंद्यात खरे अडथळे ढिगाने आहेत. पैसा ब्रँडकडून जाहिरात संस्थेकडे, तिथून प्रॉडक्शनकडे, तिथून कोऑर्डिनेटरकडे आणि मग कमिशन आणि टीडीएस कापून मॉडेलकडे येतो. यात दोन-तीन महिने सहज जातात. पीजीचं भाडं मात्र एक तारखेलाच असतं. वय आहे. परदेशी एजन्सीचा करार आहे. घरी पाठवायचे पैसे आहेत आणि घरी न सांगितलेलं काम आहे. फोटो कुणाचा हाही प्रश्न आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, पैसे देणाऱ्याची असते.

आमच्या जोडीचा अडथळा असा. समीर एका फोटोत व्रण तसाच ठेवतो. त्याला वाटतं, हीच आपली कबुली. फोटो साइटवर चढतो, क्लायंट भडकतो, पुढच्या तीन महिन्यांचं काम रेवतीच्या हातून जातं. समीरचं काहीच जात नाही. ती त्याला एकच विचारते, 'मला विचारलं होतंस?' हा प्रश्न फोनने सुटत नाही. त्याने तिच्या वतीने निर्णय घेतला, आणि आजवर तिच्या शरीराबद्दल सगळे तेच करत आले आहेत. इथून पुढची दीडशे पानं त्याने विचारायला शिकण्याची आहेत.

तुमचा अडथळा वेगळा असेल. कसोटी मात्र हीच: नायिकेचा धंदा बदलला तर अडथळा गळून पडायला हवा.

## टप्पा ५: कॅलेंडर भिंतीवर लावा, मगच प्रकरणं पाडा

ऋतूंची गफलत सर्वाधिक इथेच होते. कपडे विक्रीच्या कितीतरी आधी चित्रित होतात. लोकरीचे कोट मे महिन्याच्या घामात, दिवाळीच्या साड्या पावसात. जूनमध्ये नायिका हातात पणती धरून उभी आहे आणि बाहेर अंधेरीचा सबवे तुंबलेला आहे, हे खरं चित्र.

फॅशन वीकही नीट तपासा. लॅक्मे फॅशन वीक २००० साली सुरू झाला, वर्षातून दोनदा होतो, आणि २०२३ पासून मार्चचं पर्व मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात), तर ऑक्टोबरचं दिल्लीत होत आलं आहे. म्हणजे तुमची कथा २०२४ च्या ऑक्टोबरात असेल आणि नायिका त्या शोनंतर लोकलने घरी जात असेल, तर ती दिल्लीहून जाते आहे! कथा एका विशिष्ट वर्षात बसवायची नसेल तर फॅशन वीकचं नाव काल्पनिक ठेवा.

बारा महिन्यांचा तक्ता करा. एका ओळीत काम, दुसऱ्या ओळीत घर (गणपती, यात्रा, बहिणीचं लग्न), तिसऱ्या ओळीत दोघांचं नातं. जिथे पहिल्या दोन ओळी एकमेकींना छेद देतात तिथेच तिसऱ्या ओळीतलं महत्त्वाचं घडवा. गणपतीला घरी जायचं की दिवाळीचं कॅटलॉग करायचं, या एका प्रश्नावर दोन प्रकरणं उभी राहतात.

पानांचा हिशेब ढोबळच ठेवा. ६०-७० हजार शब्दांच्या कादंबरीत दोघं पहिल्या पाच-सहा हजारांत समोरासमोर यावीत. मध्यावर जवळीक. तीन-चतुर्थांशाला मोडतोड. यापेक्षा बारीक आखणी केली की लिखाण आकड्यांच्या मागे धावू लागतं.

## टप्पा ६: संवाद आणि भाषा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या.

सेटवर सहसा मराठी बोललं जात नाही. हिंदी आणि इंग्रजीची मिसळ असते. मग मराठी कादंबरीत लिहायचं कसं? आज्ञा सेटच्या भाषेतच ठेवा: 'चिन अप', 'नेक्स्ट', 'मास्टरजी, थोडा टाइट.' मनातलं सगळं मराठीत. हिंदीतली पानभर भाषणं जशीच्या तशी देऊ नका, त्याने वाचक थकतो.

दोन मराठी माणसं मुंबईत महिनोन् महिने एकमेकांशी हिंदी बोलतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. रेवती आणि समीर पाच प्रकरणं हिंदीतच बोलतात. मग एकदा जिन्यात तो तिला घरी फोन करताना ऐकतो. 'आलो की सांगतो गं आई. जेवलो. ठेवतो आता.' कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' म्हणतात. ठाण्याच्या मुलाला ते कानाला खटकतं आणि लगेच गोड वाटतं. मुंबईत ती काळजीपूर्वक 'येते, जाते' म्हणत आली आहे. ज्या दिवशी ती त्याच्यासमोर नकळत 'येतो मी' म्हणून जाते, तो त्या कादंबरीतला प्रेमाचा क्षण. त्याच्याभोवती पाऊस, गिटार, वारा काही नको.

मराठीत आणखी एक सोय आहे: सर्वनाम गाळता येतं. हिंदी सुटून मराठी सुरू झाली की प्रश्न पडतो, 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? खरी माणसं अशा वेळी चुकवतात. 'चहा घेणार?' 'जेवण झालं?' 'घरी कधी जाणार?' दोन प्रकरणं अशी सर्वनामाविना लिहा. मग पहिलं 'तू' येतं, शक्यतो भांडणात.

सावधान: चाफेकळी नाक, आरस्पानी कांती, हरिणीसारखे डोळे, हे सगळं पहिल्या खर्ड्यातच काढा. मॉडेलचं शरीर दिवसभर टेपने मोजलं जातं. वर्णन करायचंच तर मापांनी करा, दुखण्याने करा, थकव्याने करा. आरशातला प्रसंगही नको, कारण या कामात ती दिवसभर आरशासमोरच असते आणि तिचं लक्ष स्वतःच्या रूपाकडे नसतं, पापणी सुटली का इकडे असतं.

शृंगाराचे प्रसंग लिहिताना मराठी लेखक एकतर संस्कृतात शिरतो किंवा पडदा पाडतो. तिसरा रस्ता कामातून निघतो. जिचे कपडे रोज अनोळखी हात चाळीस सेकंदांत उतरवतात, तिच्यासाठी सावकाशी हीच नवी गोष्ट आहे. समीर एक बटण काढतो आणि थांबतो, विचारतो. ती हसते, कारण इतका वेळ तिला कुणीच दिला नव्हता. एवढं लिहिता आलं तर पुढे किती लिहायचं ते तुमच्या प्रकृतीवर सोडते.

## टप्पा ७: तीन वाचनं, वेगवेगळ्या दिवशी

सगळं एकदम दुरुस्त करायला बसू नका. पहिल्या वाचनात फक्त पैसा बघा. कुणाला कधी किती मिळाले, भाडं कुठून दिलं, नवी चप्पल कशातून आली. दुसऱ्यात फक्त वेळ आणि ऋतू. तिसऱ्यात फक्त तू-तुम्ही आणि येते-येतो. एकाच प्रसंगात चुकून दोन्ही रूपं आली असतील तर आधीची सगळी मेहनत तिथे वाया जाते, त्यामुळे हे वाचन मोठ्याने करा.

खर्डा दोघांना द्या. एक जण भरपूर प्रेमकादंबऱ्या वाचणारी. तिला फक्त 'कुठे कंटाळलीस?' एवढंच विचारा. दुसरी व्यक्ती धंद्यातली, आणि तीही शक्यतो मॉडेल नको. तिच्या हाती पेन्सिल द्या आणि सांगा, कथा चांगली-वाईट बघू नका, काम चुकलं असेल तिथे खूण करा. खुणा झाल्यावर एकेक प्रसंग तिच्यासमोर बसून विचारा, कारण खुणेचा अर्थ आपण लावतो तो बहुतेक वेळा चुकतो.

गेल्या वर्षी एका नव्या लेखिकेचा खर्डा मी माझ्या ओळखीच्या ड्रेसरताईंना वाचायला दिला होता. त्यांनी चोवीस ठिकाणी खुणा केल्या. एकोणीस बुटांबद्दल होत्या. नायिका पूर्ण दिवस नव्या हील्समध्ये उभी राहून संध्याकाळी त्याच बुटांत वरळी सी फेसवर फिरायला जात होती. लेखिकेने प्रसंग बदलला: नायिका चपला हातात घेऊन कठड्यावर बसते आणि तिला चालवत नाही म्हणून तो जाऊन भेळ घेऊन येतो. ते प्रकरण आता त्या कादंबरीतलं सर्वांत चांगलं प्रकरण आहे.